हौसा, कड बघायला ये

इकडं ये, हौसा. अशी माझ्याजवळ बस. हातातलं काम खाली ठेव आणि बस. आधी मला तुला रागवायचंय, बाकीचं नंतर.

भांडण अर्ध्यात टाकून कुणी जातं का गं? मी फोनवर म्हणाले, तनूला शाळेच्या सहलीला पाठवायचं नाही. तू म्हणालीस, पाठवायचं. मी म्हणाले, मी तिची आजी आहे. तू म्हणालीस, "मग मी कोण, शेजारीण?" आणि वर म्हणालीस, "फोनवर भांडायला मजा न्हाई, इमल. मी येते ऐतवारी. च्या पिऊन समोरासमोर भांडू." रविवार यायच्या आत तू निघून गेलीस. डेअरीला दूध घालून आलीस, ओट्यावर टेकलीस आणि तशीच राहिलीस. जन्मभर तुला कुणी रिकामं बसलेलं खपलं नाही आणि स्वतः मात्र बसल्या जागी गेलीस. हे काही बरं केलं नाहीस. तुझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू करून ठेवले होते मी. गूळ जरा जास्तच घातला होता, तू तोंड बंद ठेवशील म्हणून.

लोक विचारायचे, तुम्हा विहिणी-विहिणींचं इतकं कसं जमतं? जमतंय कुठं, भांडत असतो आम्ही, असं मी सांगायची. पण खरं म्हणजे पहिली काही वर्षं आपण धड भांडलोसुद्धा नाही. माझ्या संतोषच्या आणि तुझ्या रेखाच्या लग्नात तू दिलेली मानाची साडी मला आवडली नव्हती, ते मी बोलले नाही. आमचं वऱ्हाड तुमच्या मांडवात उशिरा पोचलं, ते तू बोलली नाहीस. 'या की विहीणबाई', 'बसा की विहीणबाई', सगळं गोडगोड आणि तोंडदेखलं. खरं बोलायला आपल्याला नातीचं दुखणं यावं लागलं.

तनू तेव्हा बालवाडीत होती. सकाळी उठली की लंगडायची आणि दुपारी बघावं तर अंगणात पळत असायची. सगळे म्हणाले, शाळा बुडवायची सोंगं आहेत. मग गुडघा सुजला, मग घोटा, आणि एके दिवशी तिला दात घासायचा ब्रशच धरता येईना. नगरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, लहान मुलांचा संधिवात. मला वाटलं, कुण्या म्हातारीचा रिपोर्ट आमच्या पोरीच्या नावावर आला. मी तसं विचारलंही त्यांना. ते बिचारे हसले नाहीत, नीट समजावून सांगितलं. शरीराची राखण करणारी ताकदच चुकून स्वतःच्या सांध्यांवर उठते, म्हणाले. कुणी काही केलं म्हणून होत नाही आणि कुणाचा दोषही नाही.

बाहेर बाकावर आपण दोघी बसलो होतो. रेखा आत होती. तू वर छताकडं बघून म्हणालीस, "देवाला वय दिसत न्हाई का? ह्या दोन म्हाताऱ्या गुडघं घिऊन इथं तयार बसल्यात की." मला हसू आलं, आणि हसता हसता रडूच आलं. तू माझा हात धरलास. "इमल," म्हणालीस, पहिल्यांदाच नावानं, "आता अहो-जाहो बास. हे लांबचं काम हाय. लांबच्या कामाला मानपान परवडत न्हाई."

लांबचंच निघालं काम. दर आठवड्याला इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी पोरीला मळमळ. रक्ताच्या तपासण्या. मध्येमध्ये डोळे दाखवायला जायचं, कारण हा आजार गुपचूप डोळ्यांतही शिरतो म्हणे, आणि मुलाला कळतही नाही. एखादा महिना असा जायचा की आपण विसरूनच जायचो. मग साधा ताप यायचा, आणि त्याच्या मागोमाग गुडघा पुन्हा भरायचा. बरं आहे म्हणावं तर दुखतं, दुखतंय म्हणावं तर सायकल मागते. मी या चढउतारांना घाबरायची. तू म्हणायचीस, "चढ आला तर दम खायचा, उतार आला तर पळायचं. त्यात भ्यायचं काय?"

दुखण्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात रेखा तिला घेऊन तुझ्याकडं पारनेरला आली. मी मागोमाग आले, मऊ रजई घेऊन. पोरीला त्यात गुंडाळून ठेवायची, हे माझं ठरलेलं. सकाळी उठून बघते, तर तू तनूला चुलीपुढं बसवलेलं, समोर काठवट, त्यात ज्वारीचं पीठ. वरून तू ऊन पाणी ओतत होतीस आणि ती इवलीशी बोटं त्या कोमट पिठात रुतवत होती.

मी म्हणाले, "हौसा, दुखतंय त्या हाताला कामाला लावतेस?"

"दुखतंय म्हणूनच लावलंय."

"अगं, लेकरू आहे ते."

"मग लेकराच्या हातालाच ऊब नगं का? नुसत्या गरम पाण्यात हात बुडवून बसव म्हणलं तर बसंल का ती? पिठात बसती." आणि तनूला म्हणालीस, "रगड गं. तळव्यानं रगड. दमलीस की सोड."

मी रजई घडी करून ठेवली, पण बोलायची थांबले नाही. तूही थांबली नाहीस. पुढच्या खेपेला मी पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं, माझ्या बाजूनं निकाल द्यावा म्हणून. ते म्हणाले, सकाळी सांधे आखडतात तेव्हा ऊब आणि हळूहळू हालचाल चांगलीच, पण सूज वाढली असेल त्या दिवशी ताण द्यायचा नाही. मी तुला सांगितलं, डॉक्टर म्हणाले विश्रांती द्या. तू म्हणालीस, डॉक्टर म्हणाले हालचाल करा. दोघी एकाच माणसाचं निम्मं निम्मं वाक्य घेऊन वर्षानुवर्षं भांडत बसलो.

तनूच्या भाकरी कशा व्हायच्या, आठवतं? पहिली तर पोळपाटाएवढी जाड. पण तू कधी तोंडदेखलं कौतुक केलं नाहीस. भाकर हातावर घेऊन कड बघायचीस. "आज कड फुटली गं. बोटं आखडल्यात का?" ती मान हलवायची. दुसऱ्या दिवशी, "आज बरी हाय. दोन जागीच चिरली." सूज असली की तिला कडेला बोटं फिरवता यायची नाहीत, मग कड चिरायची. बोटं मोकळी असली की कड गोल यायची. हे तू ठरवून केलंस की आपोआप झालं, मला माहीत नाही. एकदा डॉक्टरांनी तिला विचारलं, शून्य म्हणजे काही दुखत नाही आणि दहा म्हणजे फार दुखतं, तर आज किती? तनू म्हणाली, "कड फुटली, पण पापुद्रा आला." डॉक्टर रेखाकडं बघायला लागले. रेखानं सगळं समजावून सांगितलं. तेव्हापासून ते स्वतःच विचारतात, "काय तनुजा, कड काय म्हणते?"

शाळा सुरू झाली, पोर नगरला आली, तर तू मोबाईलमधून आलीस. रोज सकाळी मसाल्याच्या डब्याला फोन टेकवून ठेवायचा आणि तू तिकडं चुलीपुढं बसलेली. "कड दाव," एवढंच म्हणायचीस. तुझ्या घरी पहिली भाकर टिप्याची. चुलीवरची पहिली कुत्र्याला, ही तुझी जुनी रीत. इकडं आमच्याकडं कुत्रा नाही. मग तनूची पहिली फुटकी भाकर माझ्या ताटात. तू त्यावरून किती छळलंस मला. "पहिली कुणी खाल्ली? टिप्यानं का इमलनं?" असं फोनमधून विचारायचीस आणि तनू इकडं हसून हसून पीठ सांडायची.

आणि ते पिठाचं प्रकरण. ते तू कुणाला सांगू नयेस म्हणून तुला शपथ घातली होती, आणि तू ते अख्ख्या डेअरीला सांगितलंस. एके सकाळी तनूच्या भाकरीचे तुकडे तुकडे पडले. एक नाही, तीन भाकरी. तव्यावर टाकली की दुभंगायची. तेवढ्यात फोनची रेंज गेलेली, तू नाहीस. रेखा कामावर गेलेली. मी पोरीला रिक्षात घातलं आणि नगरच्या डॉक्टरांपुढं नेऊन उभी केली. त्यांनी हात दाबून बघितले, मनगट वळवून बघितलं, म्हणाले, "आजी, हात तर झकास आहेत." तनू म्हणाली, "मी सांगत होते की, दुखत नाही म्हणून." मग लक्षात आलं. पाहुण्यांनी दिलेलं पीठ, दळून कधीचं पडलेलं. त्याची विरीच गेलेली, चिकटपणा काही उरलाच नव्हता. दुखणं पिठाचं, आणि दवाखान्यात नेलं पोरीला. तू हसलीस ते हसलीस, वर म्हणालीस, "पिठाला पण संधिवात झाला म्हन की."

पण एक गोष्ट तुझी मी कधी खोडली नाही. मध्ये एक वर्ष फार छान गेलं. सूज नाही, लंगडणं नाही, कड गोल. संतोष म्हणायला लागला, आता सुया कशाला टोचायच्या पोरीला, भाकरीच्या व्यायामानंच बरी झालीय. तू त्याला फोनवर घेतलंस. जावई म्हणून नेहमी त्याच्याशी पदर सावरून बोलायचीस, त्या दिवशी नाही. "तवा तापला म्हणून चुलीतलं जळण काढून घेतं का कुणी? डॉक्टर म्हणतील तव्हा कमी करायचं. भाकर भाकरीच्या जागी, सुई सुईच्या जागी." सुया चालू राहिल्या. पुढं डॉक्टरांनीच औषध हळूहळू कमी केलं. मध्ये एकदा उलटलं, पुन्हा वाढवलं. पण त्या दिवशी तू बोलली नसतीस तर काय झालं असतं, हा विचार अजून मनात येतो.

आता आपल्या सहलीचं. शाळेची सहल खर्ड्याला चाललीय, किल्ला बघायला. तनू आता पाचवीत आहे, आणि आजवर एकाही सहलीला गेलेली नाही. मी म्हणाले, एसटीत इतका वेळ बसून गुडघा आखडेल, त्यात तटावर चढायच्या पायऱ्या, मैत्रिणी धावणार, ही मागं राहणार, रडत येणार. तू म्हणालीस, "अगं भुईकोट किल्ला हाय त्यो. डोंगर न्हाई. आन मागं राहिली तर राहिली. मागं राहून बी किल्ला दिसतो." मी म्हणाले, तू घरात बसून बोलतेस, काही झालं तर फोन मला येणार. तेव्हाच तू रविवारी येते म्हणालीस.

त्यानंतर तुझा फोन आला नाही. तुझ्या लेकाचा, बाळूचा आला.

तुझ्या जाण्यानंतर आठवडाभरात तनूचा गुडघा सुजला, बोटंही. डॉक्टर म्हणाले, असं मधूनमधून होतं, औषध थोडं वाढवू, बसेल. ते बसेल, मला माहीत आहे, आपण पुष्कळ वेळा बसलेलं बघितलंय. पण या वेळी तिनं पिठाला हातच लावला नाही. सकाळी ती स्वयंपाकघरात यायची, मसाल्याच्या डब्याकडं बघायची आणि जायची. मी एकदा म्हणाले, "चल, दोघी मिळून करू."

"नको."

"हात दुखतात का?"

"दुखतात. पण त्यामुळं नाही. माई नाही, आता कड कोण बघणार?"

"मी बघते की."

"तुला काय कळतं आजी? तुला पिठाचं दुखणंसुद्धा हाताचं वाटतं."

बोलली खरी, आणि लगेच माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. खरंच होतं ते.

दहाव्यानंतर आम्ही तुझ्या घरी दुखवटा घेऊन आलो. सोयऱ्यांनी यायचं, घरच्यांना नवं कापड द्यायचं, चूल पेटवायची, चार घास गोड करून घरावरचा शोक उतरवायचा. बाळूला टॉवेल-टोपी, सुनेला साडी, सगळं रीतीनं केलं. साडी तुझ्या सुनेला आवडली की नाही, ती बोलली नाही. आपल्यासारखीच आहे, पुढं बोलेल.

टिप्या चुलीपाशी बसलेला होता. बाळू म्हणाला, "रोज इथंच बसतोय." बायका डोळ्याला पदर लावायला लागल्या, मुकं जनावर, कसं जीव लावून बसलंय. तेवढ्यात कुणीतरी त्याच्यापुढं पाव टाकला. त्यानं तो खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिसऱ्यासाठी शेपूट हलवायला लागला. डोळे पुसणाऱ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तनू मात्र गंभीरपणे म्हणाली, "त्याला पाव नका देऊ. त्याला पहिली भाकर लागते."

आणि ती बसली, हौसा. तुझ्याच जागी, तुझ्याच काठवटीपुढं. गुडघा पुरता मिटत नव्हता म्हणून एक पाय लांब करून बसली. तुझ्या सुनेनं ऊन पाणी ओतलं. तनूनं पिठात हात घातले आणि जरा वेळ तसेच ठेवले, ऊब लागेपर्यंत. मग हळूहळू रगडायला लागली. चेहऱ्यावरून कळत होतं, दुखतंय. माझ्या तोंडात आलं, 'राहू दे बाळ', अर्धं बाहेरही पडलं. मग मी उरलेलं गिळलं आणि तिच्याजवळ खाली बसले, माझे गुडघे कुरकुर करत होते तरी.

भाकर जाड झाली. कड फुटली, चांगली तीन-चार जागी. तिनं ती हातावर घेऊन निरखली, तुझ्यासारखीच, मान तिरकी करून.

मी विचारलं, "पीठ की हात?"

तिनं पिठाची चिमूट बोटांत घासून बघितली. "पीठ ताजं आहे. हातच आहे," म्हणाली. "पण थोडासाच." मग पाण्यात बोट बुडवलं आणि फुटलेल्या कडेवरून फिरवलं, चीर मिटेपर्यंत. हे तूच शिकवलं असशील. मला तर माहीत नव्हतं. तव्यावरून उतरली तेव्हा भाकर वेडीवाकडीच होती, पण अख्खी होती. टिप्यानं ती उचलली आणि ओट्याखाली घेऊन गेला.

"तो कड बघत नाही," तनू म्हणाली, "तो नुसताच खातो. आजीसारखा."

त्या घरात तू गेल्यापासून कुणी हसलं नव्हतं. आधी तुझी सून हसली, मग बाळू, मग रेखासुद्धा, आणि रेखा हसताना अगदी तुझ्यासारखी दिसते हे मला त्या दिवशी कळलं.

परत येताना पारनेरच्या एसटीत तनू खिडकीशी बसली होती. गुडघ्यावर माझी शाल होती. सुप्याच्या पुढं आलो तेव्हा म्हणाली, "आजी, सहलीच्या दिवशी सकाळी भाकर करून बघू. कड धरली तर मी तटावर चढेन. नाही धरली तर खाली दरवाजापाशी बसेन, बाईंना आधीच सांगून. पण जाईन."

मी म्हणाले, "खाली बसून काय करशील?"

"किल्ला बघीन. माई म्हणायची ना, मागं राहून पण दिसतो."

मला वाटायचं, आपल्या भांडणाचे दोनच निकाल आहेत, पाठवायचं नाहीतर ठेवायचं. पोरीनं तिसराच काढला. बसायचं की चालायचं, ते त्या दिवशीचा हात ठरवेल, आणि जायचं हे मात्र ठरलेलं. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, सूज उतरतेय, जाऊ दे. शाळेतल्या बाईंशी रेखा बोलली. पण मी अजून तोंडानं हो म्हटलेलं नाही. म्हटलं, आधी तुला सांगावं. तुझं भांडण आहे ते.

आणखी एक सांगायचं राहिलं. तो सकाळचा फोन तनूसाठी असायचा, असं तुला वाटायचं. मी मागं ओट्याशी उगाच भांडी वाजवत उभी असायची, हे तुला कॅमेऱ्यात दिसायचं नाही. डाळ शिजली तरी मी गॅसपासून हलायची नाही. तुझी चूल, तुझा खोकला, 'कड दाव' म्हणायची तुझी घाई, हे सगळं ऐकल्याशिवाय माझी सकाळ व्हायची नाही. फोन रात्री चार्जिंगला न विसरता मीच लावायची. हे तुला रविवारी सांगणार होते, भांडण झाल्यावर, लाडू खाताना.

तर हो. जाऊ दे पोरीला. जिंकलीस, पण अर्धीच, बाकीचं अर्धं समोरासमोर.

सहलीच्या दिवशी सकाळी तनू पीठ मळायला बसेल. फोन मी मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवणारच आहे, रेखा काही म्हणाली तरी. तू ये. कसं यायचं ते तुझं तू बघ, चहा मी टाकते. पहिली भाकर या वेळी तुझ्या ताटात, फुटकी आली तरी. मी पुष्कळ खाल्ल्यात.

उशीर करू नकोस, हौसा. पीठ ताजं दळून आणलंय.